न्यूझीलंडच्या रानातील घरचे आणि पाहुणे

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड शहरी उतरलेल्या मराठी माणसास पहिल्या सकाळी खिडकीतून जो पक्षी दिसतो, तो बहुधा आपली साळुंकीच असते. डोळ्याभोवतीची तीच पिवळी कड, तीच ऐटबाज चाल, तोच भांडखोर स्वर. परमुलखात आपल्या गावचे कोणी अवचित भेटावे तसा आनंद होतो. अंगणात चिमण्या टिपत असतात. शहराबाहेर पडावे तो माळावर मेंढ्या आणि कुंपणाच्या आडोशाला ससे. जरा डोंगराकडे वळावे तर क्वचित हरिणही दृष्टीस पडते. एवढे पाहून झाले म्हणजे प्रवासी मोठ्या समाधानाने घरी छायाचित्रे धाडतो आणि न्यूझीलंडचे वन्य जीवन पाहिले असे कळवितो. वस्तुतः यांपैकी एकही प्राणी त्या देशाचा नव्हे. चिमणी, ससा आणि हरिण तेथे वसाहतीस गेलेल्या युरोपियनांनी एकोणिसाव्या शतकात नेले, आणि साळुंकी १८७० च्या दशकात मुद्दाम नेऊन सोडण्यात आली. ती उत्तर बेटावर स्थिरावली. दक्षिण बेटावर मात्र तिचा टिकाव लागला नाही.

अलीकडे आपल्याकडील पुष्कळ आईवडील मुलाबाळांच्या निमित्ताने त्या देशी जातात, दोन-तीन महिने राहतात, आणि तेथील राष्ट्रीय उद्याने पाहून येतात. मीही दोन वेळा जाऊन आलो. त्या अनुभवावरून आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, त्या देशात जे सहज दिसते ते बहुधा बाहेरचे असते आणि जे खरोखर तेथील आहे ते सहज दिसत नाही. ते पाहावयाचे तर कोठे जावे, कसे थांबावे आणि कोणती गोष्ट कटाक्षाने टाळावी, याची थोडी तयारी घरूनच करून जावी लागते.

या विपरीत स्थितीचे मूळ भूगोलात आहे. ज्या प्राचीन महाखंडास आपल्या मध्यभारतातील गोंडवनावरून नाव मिळाले, त्यापासून न्यूझीलंडची भूमी सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी विलग झाली आणि महासागरात एकटी पडली. मनुष्य तेथे पोचला तेव्हा समुद्रकाठचे सील आणि रानातील वटवाघुळे सोडली, तर एकही सस्तन प्राणी त्या बेटांवर नांदत नव्हता. वाघ नाही, कोल्हा नाही, मुंगूस नाही, साधा उंदीर नाही. इतकेच काय, जमिनीवर सापही नाही. निसर्गाच्या संसारातील ही रिकामी पदे तेथे पक्ष्यांनी आणि कीटकांनी भरून काढली. पाला खुडीत फिरण्याचे हरिणाचे काम मोआ नावाच्या प्रचंड पक्ष्याने करावे, उंदराचे काम वेटा नामक रातकिड्याच्या दांडग्या नातलगाने करावे, आणि रात्री जमीन हुंगत हिंडण्याचे काम किवीने करावे, अशी ती वाटणी होती. जमिनीवर भय नसल्यामुळे कित्येक पक्ष्यांनी उडणे सोडून दिले. शत्रू असलाच तर तो आकाशातून येणारा गरुड किंवा ससाणा, म्हणजे केवळ डोळ्यांनी शोधणारा. त्याच्यापासून बचाव करण्याचा उपाय सोपा होता. हालचाल बंद करावयाची आणि रंगाने पाचोळ्यात मिसळून जावयाचे. लक्षावधी वर्षे तो उपाय पुरला. परंतु नाकाने माग काढणारा शत्रू समोर आला तेव्हा, जागच्या जागी निश्चल बसून राहणारा पक्षी म्हणजे वाढून ठेवलेले ताटच झाले.

हे शत्रू माणसाने आणले. तेराव्या शतकाच्या सुमारास पॉलिनेशियातून माओरी लोक नावांतून आले. त्यांच्याबरोबर कुत्रा आणि एका जातीचा लहान उंदीर आला. मोआच्या नऊ जाती होत्या, त्या पुढील दीड-दोनशे वर्षांत नाहीशा झाल्या. १७६९ साली कॅप्टन कुक तेथे पोचला. त्याच्या जहाजावरील वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने १७७० च्या जानेवारीत आपल्या रोजनिशीत नोंद केली आहे की, किनाऱ्यावरील पक्ष्यांच्या गाण्याने आपणांस पहाटे जाग आली आणि तो नाद लहान लहान घंटांसारखा होता. पुढे जहाजांतून मोठे उंदीर उतरले, मांजरे उतरली. लोकरीसाठी ऑस्ट्रेलियातून पॉसम नावाचा, पोटाशी पिशवी असलेला, झाडावरचा प्राणी आणण्यात आला. शिकारीच्या हौसेसाठी ससे आणले. ते अनावर वाढले, तेव्हा १८८० च्या दशकात त्यांचा फडशा पाडावा म्हणून स्टोट सोडण्यात आला. आपल्या मुंगसासारखा लांबट, चपळ आणि रक्तपिपासू असा हा प्राणी. पक्षिशास्त्रज्ञांनी तेव्हाच विरोध केला होता. पण मेंढपाळांच्या हाकाटीपुढे त्यांचे कोणी ऐकिले नाही. स्टोटास सशापेक्षा न उडणारा पक्षी पकडणे सोपे गेले, हे निराळे सांगावयास नको.

एवढा इतिहास ध्यानी असला म्हणजे विमानतळावर होणारी तपासणी जाचक वाटत नाही. तेथे आपल्या सामानातील खाण्याचा प्रत्येक जिन्नस लिहून जाहीर करावा लागतो. मध तर नेताच येत नाही. मसाले, बी-बियाणे, लाकडी वस्तू ही सारी दाखवावी लागतात. दडविल्याचे आढळल्यास जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. आपल्या गृहिणींनी प्रेमाने बांधून दिलेल्या पुरचुंड्या तेथे उलगडल्या जातात आणि काहींचे तोंड कडू होते. परंतु माझ्या मते या तपासणीतील सर्वांत अर्थपूर्ण प्रश्न जोड्यांविषयीचा असतो. तळव्याला चिकटलेली सह्याद्रीची माती सुद्धा तेथे घातक ठरू शकते. कौरी नावाच्या प्रचंड वृक्षांना मातीतून पसरणारा एक रोग लागलेला आहे. म्हणून उत्तरेकडील रानांच्या तोंडाशी जोडे घासण्याचे ब्रश आणि जंतुनाशक द्रव ठेवलेले असतात. देवळात शिरताना जोडे काढणाऱ्या लोकांस रानात शिरताना जोडे धुवावयाचे जड जाऊ नये.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. घरचे कोण आणि पाहुणे कोण हे ओळखण्याचे पहिले पुस्तक प्रवाशाच्या खिशातच असते. तेथील नोटांच्या पाठीवर एतद्देशीय पक्ष्यांची चित्रे छापलेली आहेत. पाच डॉलरच्या नोटेवर एका अंगास एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी आणि दुसऱ्या अंगास पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन. दहाच्या नोटेवर व्हिओ नावाचे निळसर बदक. विसाच्या नोटेवर तेथील ससाणा. माझ्या नातवंडांस मी नोटा मोजावयास देई त्या या निमित्ताने, आणि त्यात वेळ फार चांगला जाई.

दुसरी गोष्ट म्हणजे डोळ्यांच्या आधी कान उघडावा. आपल्याकडे अभयारण्यात गाडीत बसून वाघाच्या मागे धावण्याची सवय आपणांस लागली आहे. न्यूझीलंडच्या दाट, ओल्या, नेच्यांनी भरलेल्या रानात तिचा काहीही उपयोग नाही. तेथे पायवाटेच्या वळणावर दहा मिनिटे स्वस्थ उभे राहावे. प्रथम काही नसते. मग वर कोठेतरी घंटेसारखा एक स्वर, त्यामागोमाग खोकल्यासारखा खरखराट आणि पुन्हा घंटा. तो टुई, गळ्याशी पांढऱ्या पिसांचे दोन गोंडे असलेला. डोक्यावरून कोणी पंख्याने जोराने वारा घालीत गेल्यासारखा आवाज झाला तर तो केरेरू, तेथील भला मोठा रानपारवा. या पारव्याची योग्यता मोठी आहे. मोआ नाहीसा झाल्यावर तेथील कित्येक वृक्षांची मोठी फळे गिळून त्यांचे बी दूर नेऊन टाकणारा तो जवळजवळ एकटाच उरला. तो गेला तर ते वृक्षही म्हातारे होऊन वंशाविना जातील.

लहान पक्ष्यांपैकी दोघे स्वतःच जवळ येतात. पीवाकावाका हा पंख्यासारखे शेपूट उघडझाप करणारा चिमुकला पक्षी माणसाच्या मागोमाग रानातून चालतो, आणि भाबड्या प्रवाशास वाटते की याला आपला लळा लागला. खरे कारण असे की आपल्या पावलांनी जे किडे उडतात ते त्यास आयते मिळतात. दुसरा तेथील रॉबिन. पायाच्या अंगठ्याने पाचोळा जरासा उकरून मागे सरावे, तो सरळ जोड्यापाशी येऊन किडे वेचू लागतो. भूचर शत्रूचे भय ठाऊक नसलेल्या पूर्वजांचा हा वारसा. तो पाहताना मन हरखते आणि धास्तावतेही.

राष्ट्रीय उद्याने तेथे सांप्रत तेरा आहेत. सर्वांत जुने टोंगारिरो. त्याची जन्मकथा शाळेतील मुलांस आवर्जून सांगावी अशी आहे. १८८७ साली माओरी प्रमुख होरोनुकू ते हेउहेउ टुकिनो याने आपल्या जमातीची तीन पवित्र ज्वालामुखी शिखरे इंग्रज सरकारच्या हवाली केली. तुकडे पडून ती परक्यांस विकली जाऊ नयेत हा त्यातील हेतू. तेथील खळाळत्या नद्यांतून ते दहाच्या नोटेवरील व्हिओ बदक राहते. पाणी जितके वेगवान तितके त्यास प्रिय. धोंड्यासारखाच रंग असल्यामुळे दगड मोजीत बसावे लागते. एखादा दगड हलला म्हणजे तो व्हिओ.

आर्थर्स पास या डोंगरी उद्यानात मात्र शोधण्याचे श्रम पडत नाहीत. तेथे केआच आपणांस शोधीत येतो. केआ हा बर्फाळ पर्वतांतील पोपट. रंग मळकट हिरवा, पण पंख उघडताच आतून नारिंगी ज्वाळा दिसावी तसा. ओटिरा खोऱ्यावरील थांब्यावर मोटार उभी करावी, की हा गृहस्थ छपरावर उतरतो आणि खिडकीभोवतालचे रबर सोलू लागतो. त्याची बुद्धी आणि खोडकरपणा पाहून माणसे हसतात, हातातील बिस्किट पुढे करितात. हीच ती गोष्ट कटाक्षाने टाळावयाची. खाऊस चटावलेला केआ रस्त्यावर रेंगाळतो आणि चाकाखाली सापडतो. मेंढ्यांना चोची मारतो म्हणून याच पक्ष्याच्या मुंडक्यामागे एके काळी बक्षीस लावलेले होते. सुमारे शंभर वर्षांत दीड लाखांच्या आसपास केआ मारले गेले, आणि संपूर्ण संरक्षण त्यास मिळाले ते १९८६ साली. आता ते काही हजारच उरले आहेत. त्यातही जुन्या झोपड्यांच्या छपरांवरील शिशाचे खिळे आणि पत्रे चावून कित्येकांस विषबाधा होते. तेव्हा हात खिशात ठेवावा आणि मोटारीच्या रबरावर पाणी सोडावे.

फिओर्डलँड हे सर्वांत विस्तीर्ण उद्यान. सुमारे साडेबारा हजार चौरस किलोमीटर डोंगर, सरोवरे आणि समुद्राच्या आत शिरलेल्या खाड्या. याच प्रदेशात ताकाहे सापडला. निळा-हिरवा, लाल चोचीचा, तीन किलो वजनापर्यंत वाढणारा आणि उडू न शकणारा हा पक्षी १८९८ नंतर कोणाच्या दृष्टीस पडला नाही, आणि सर्वांनी तो निर्वंश झाला असे धरून चालविले. इन्व्हरकारगिल गावचे एक डॉक्टर, जेफ्री ऑर्बेल, यांस मात्र ते पटेना. २० नोव्हेंबर १९४८ रोजी ते आपल्या सोबत्यांसह ते आनाउ सरोवराच्या वरच्या डोंगरात चढले आणि गवतातून चालणारे ताकाहे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. पन्नास वर्षांची मरणवार्ता एका दिवसात खोटी ठरली. पुढे पैदास आणि संरक्षण यांच्या बळावर ही संख्या आता पाचशेच्या घरात गेली आहे. ते मूळचे डोंगर प्रवाशांस खुले नाहीत. परंतु ते आनाउ गावी सरकारी पक्षिगृहात ताकाहे विनामूल्य पाहावयास मिळतो. पायी चालण्याची हिंमत असलेल्यांस काहुरांगी उद्यानातील हीफी वाटेवर, जेथे २०१८ साली ताकाहे सोडण्यात आले, तो मोकळाही दिसू शकेल. ओळखताना एवढे ध्यानात ठेवावे की पाणथळीत दिसणारा सडपातळ, उडू शकणारा, तशाच रंगाचा पक्षी म्हणजे पुकेको. आपल्या तळ्यांतील जांभळ्या पाणकोंबडीचा तो सख्खा भाऊबंद शोभतो. तोही माणसाने नेलेला नाही. स्वतःच्या पंखांनी आला म्हणून तो घरचाच.

आता एक अप्रिय विषय काढणे भाग आहे. या रानांतून चालताना वाटेच्या कडेला ठराविक अंतरावर क्रमांक घातलेल्या लाकडी पेट्या दिसतात. ते सापळे. कित्येक ठिकाणी गावातील सेवानिवृत्त माणसे आणि शाळकरी मुले पाळीपाळीने ते तपासतात. अशा एका पेटीत मेलेला स्टोट मी पाहिला. हातभर लांब, तपकिरी, मऊ लोकरीचा. त्या जिवाचा अपराध तो काय? त्याच्या पूर्वजांस कोणी पकडून आणले, आणि तो आपल्या स्वभावधर्माने जगला. जेथे सापळे पुरत नाहीत अशा दुर्गम डोंगरांत हेलिकॉप्टरमधून विषाच्या गोळ्या टाकतात. त्यास तेथीलच पुष्कळ लोकांचा कडवा विरोध आहे. २०१६ साली तेथील सरकारने २०५० पर्यंत उंदीर, स्टोट आणि पॉसम यांचे देशातून निर्मूलन करण्याचा संकल्प जाहीर केला. ज्या घरात मुंग्यांस साखर घालतात त्या घरात वाढलेल्या माणसास हे वाचून सुख होत नाही.

ताहरची गोष्ट तर आपल्या अधिकच जवळची आहे. हा आपल्या हिमालयातील दाट आयाळीचा रानबोकड. बेडफर्डच्या ड्यूकने दिलेले काही ताहर १९०४ साली माउंट कुकच्या पायथ्याशी सोडण्यात आले. हिमालयात आज त्याची संख्या चिंतेचा विषय आहे. तिकडे तो इतका वाढला की उंच कड्यांवरील दुर्मिळ फुलझाडे त्याने खाऊन उजाड केली. १९९३ च्या सरकारी योजनेने साऱ्या डोंगरांत मिळून दहा हजारांची मर्यादा घातली, आणि राष्ट्रीय उद्यानात तर तो जवळजवळ नसावाच असे धोरण ठेविले. आपल्या देवभूमीचा प्राणी तेथे बंदुकीने टिपला जातो, हे ऐकून आपल्यापैकी कोणी रागावला तर त्यास मी दोष देणार नाही. तथापि मी पुष्कळ विचार केला आणि माझे मत त्या पेट्यांच्या बाजूने पडले. ज्या रानात राखण नाही तेथे किवीच्या शंभर पिलांपैकी जेमतेम पाच वयात येतात. सापळा न लावणे म्हणजे अहिंसा असे म्हणावे, तर उरलेल्या पंचाण्णव पिलांचा हिशेब कोणाच्या नावे मांडावयाचा? माणसाने एकदा हात घातला आहे. आता हात झटकून बाजूस बसणे हाही एक प्रकारे मारण्याचाच निर्णय होतो. ताहर हिमालयात सुखाने नांदावा म्हणून आपण आपल्या घरी काय करितो, हा प्रश्न निराळा आणि तो आपणांस अवघड जाणारा आहे.

असो. किवी राहिला. नाकपुड्या चोचीच्या टोकाशी असलेला असा पक्षी जगात दुसरा नाही. काही जातींत मादीचे अंडे तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके असते. छातीचे हाड दुबळे असल्यामुळे कुत्र्याने खेळकरपणे तोंडात धरला तरी तो दगावतो. म्हणून किवीच्या रानात कुत्रे नेण्यास मनाई असते. सर्व मिळून सुमारे सत्तर हजार किवी आज उरले आहेत. काचेमागील अंधाऱ्या खोलीत तो पुष्कळ ठिकाणी दाखवितात. परंतु मोकळ्या रानातील किवी पाहावयाचा तर सर्वांत दक्षिणेचे राकिउरा बेट गाठावे. ब्लफ बंदरातून बोटीने सुमारे एक तास लागतो. सामुद्रधुनी खवळलेली असते. पोट नाजूक असणाऱ्यांनी बेताने खाऊन निघावे. २००२ साली या बेटाचा बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यान झाला. शेजारीच उल्वा नावाचे छोटे बेट आहे. ते १९९७ साली उंदीरमुक्त केले, आणि उंदीर पोहून पुन्हा येऊ नयेत म्हणून तेथे अखंड पहारा ठेवावा लागतो. नावेत बसण्यापूर्वी प्रवाशाने आपली पिशवी उलटी करून त्यात उंदीर नाही याची खात्री करावयाची असते.

किवीसाठी रात्री वाटाड्याबरोबरच जावे. डिसेंबरात तेथे दहा वाजेपर्यंत उजेड रेंगाळतो, म्हणून दुपारी थोडी झोप काढून ठेवावी. विजेरीस लाल कागद लावावा, कारण पांढऱ्या प्रकाशाने त्याचे डोळे दिपतात आणि तो पळतो. कुजबुजही करू नये. प्रथम दूरवर नराची तीक्ष्ण शीळ ऐकू येते, चढत चढत वीस-वीस वेळा. तिला मादीचे घोगरे उत्तर. हे ऐकू आले तरी तो दिसेलच असे नाही, आणि वाटाडेही तसे वचन देत नाहीत. आम्ही गेलो त्या रात्री अडीच तासांनंतर नेच्यांच्या आतून सर्दी झालेल्या मुलाने नाक शिंकरावे तसा आवाज आला. नाकपुडीत गेलेली माती तो अशी फुंकून काढतो. मग कोंबडीएवढी एक ओणवी आकृती, पुढे काठी टेकीत चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखी, चोच जमिनीत खुपशीत वाटेवर आली, माझ्या सोबत्याच्या जोड्यापासून हातभर अंतरावर थांबली, हुंगले, आणि पलीकडच्या गवतात गेली. दिवसा पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी त्याच बेटाच्या पश्चिमेकडील मेसन बे येथे दोन दिवस काढावेत. तेथील किवी कधी कधी उजेडातही चरावयास बाहेर पडतात.